योहानचं काळं नाणं

चांगलं चाललेलं बिघडवायची मला भारी हौस. आता हेच बघा ना.

मुलीच्या शाळेसाठी ती आणि बायको पुण्याला गेल्यापासून दुबईत अल बर्शातल्या फ्लॅटमध्ये मी एकटा. बोलायला एकच माणूस, समोरच्या दारातला योहान. सत्तरीचा जर्मन, बायको वारलेली. त्याला जुन्या नाण्यांचा नाद. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही, पण कुणीतरी समोर बसून बोलतंय म्हणून मी मान डोलवायचो. एकदा त्याने आपल्या गावच्या कुठल्याशा राजाचं, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं चांदीचं नाणं माझ्या हातावर ठेवलं. नखाएवढं, काळंकुट्ट. निवांत बघ, मग आणून दे, म्हणाला.

ते काळं बघून माझे हात शिवशिवले. घरी चांदीचं निरांजन घासायचं काम माझंच ना. आधी टूथपेस्ट लावली, मग चिंच-मीठ. चांदी जी गेली ती गेलीच, खालून लालभडक तांबं वर आलं.

धावत बर दुबई गाठली. मीना बाजारात सांगलीकडचे एक सोनारकाका आहेत. त्यांनी भिंगातून बघितलं. "साहेब, हे आतून तांबंच हाय. वरनं चांदीचा नुसता हात फिरवलाय. तुमच्या दोस्ताला कुणीतरी गंडवलंय."

म्हणजे आता दोन गोष्टी सांगायच्या. तुझं नाणं मी घासलं, आणि ते खोटंच होतं. एकट्या म्हाताऱ्याला हे कुठल्या तोंडाने सांगणार? मुलीला फोनवर विचारलं, तर ती "बाबा, जस्ट से सॉरी" म्हणून मोकळी. पंधरा दिवस मी तोंड चुकवलं. दोनदा बेल वाजली, दोनदा श्वास रोखून बसलो.

शेवटी गेलो. सगळं सांगितलं, वर दिलासाही दिला, की फसवणूक काय, कुणाचीही होते.

योहान म्हणाला, फसवणूक झाली खरी, पण माझी नाही, तेव्हाच्या लोकांची. लढाईला पैसा कमी पडला की राजे चांदीत भरमसाट तांबं मिसळायचे आणि नाणं वरून पांढरं करून द्यायचे. थोडक्यात, नाणं अस्सलच होतं.

मग म्हणाला, "ते मी मुद्दाम तुझ्याकडे ठेवलं होतं. परत द्यायला तरी येशील म्हणून."

मी कसंबसं म्हटलं, "तुम्ही बेल वाजवलीत ना, तेव्हा मी नेमका बाहेर होतो."

"हो, तू नव्हतास," योहान शांतपणे म्हणाला. "कुकर होता. तीन शिट्ट्या झाल्या."