अळीवाला महेंद्र

आमच्या गल्लीत पूर्वी दोनच माणसं इंग्रजी बोलायची. एक बँकेतले साहेब, आणि दुसरा गहिनीनाथ, तोही प्यायल्यावर. आता महेंद्र तिसरा. गळ्यात निळ्या दोरीला कंपनीचं ओळखपत्र अडकवलेलं असतं. रविवारी कोथिंबीर आणायला निघाला तरी ते गळ्यातच. त्याची आई भागिरथीकाकू म्हणते, "आंघोळीला तरी काढत जा रे बाबा."

पोरगा बी.एस्सी. झाला, काही दिवस औषधाच्या दुकानात पुड्या बांधल्या आणि मग सुप्याच्या एका कंपनीत चिकटला. कंपनी प्रयोगशाळांना लागणारी प्रथिनं बनवते. "काय बनवतोस रे?" असं विचारलं की महेंद्र आधी घसा साफ करतो आणि मग म्हणतो, "रिकॉम्बिनंट ह्यूमन ट्यूब्युलिन." विचारणारा गप्प होतो, आणि महेंद्रला तेवढंच हवं असतं. फक्त पंक्चरवाल्या मुजफ्फरनं पुढं विचारलं, "ट्यूबलेसला चालंल का?" तेव्हापासून महेंद्र गाडीत हवा दुसरीकडं भरतो.

अशा या शास्त्रज्ञाला काष्टीची यशोधरा सांगून आली. दोघांचं मोबाईलवर बोलणं सुरू झालंय, हे घरचे सोडून सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मुलीचे वडील रंभाजी तेवढे 'हो' म्हणायचे राहिले होते.

नेमक्या त्याच आठवड्यात समोरच्या रंगुबाई महेंद्रच्या ओट्यावर टेकल्या. "मला अडान्याला कळंल असं सांग की," म्हणाल्या. महेंद्रलाही कधी नव्हे ती दया आली.

"मावशी, हे प्रथिन माणसाच्या शरीरातलं आहे, पण आम्ही ते माणसातून काढत नाही. ते कसं बनवायचं याची माहिती लष्करी अळीच्या पेशींत घालतो. मग त्या पेशी काचेच्या भांड्यात वाढतात आणि ते बनवून देतात."

एवढ्या भाषणातून रंगुबाईंनी एकच शब्द पदरात बांधला: अळी. सकाळी नळावर महेंद्र अळ्या पाळत होता, दुपारी पोत्यानं पाळत होता, आणि संध्याकाळी तर त्या अळ्यांना त्यानं माणसाचं रक्त पाजलं. रंगुबाईंची नणंद काष्टीत दिली आहे, हे सांगायला नकोच.

तिसऱ्या दिवशी रंभाजी न कळवता हजर. सोबत यशोधरा, ती मागं राहायला तयार नव्हती म्हणे. मी तिथं योगायोगानंच होतो, वर्तमानपत्र परत करायला. कालचं होतं, पण वेळेवर परत केलेलं बरं. रंगुबाईही दारात साखरेची वाटी घेऊन योगायोगानंच उभ्या.

रंभाजींनी चहाला हात लावला नाही. "तुमी लष्करी अळ्या पाळता म्हनं?"

"मामा, अळी नसते, नुसत्या पेशी असतात. डोळ्यांना दिसतही नाहीत."

"म्हंजी न दिसनारी बी काढली व्हय! माझा दोन एकर मका खाल्ला तिनं. मी फवारून फवारून मरतोय अन् माझा जावई तिला खुराक घालनार? न्हाई जमायचं."

महेंद्रनं घसा साफ केला. "ॲक्चुअली, सेल लाईन म्हणजे..."

"घसा राहू द्या," यशोधरा म्हणाली. "मला मोबाईलवर सांगितलं तेच सांगा. मांडवाचं."

भागिरथीकाकूंनी पोराकडं बघितलं, रंभाजींनी पोरीकडं. महेंद्र कानापर्यंत लाल. पण बोलला, आणि घसा साफ न करता.

"मामा, एका पेशीच्या दोन व्हायच्या असल्या की आत मांडव उभा राहतो. छोटे छोटे तुकडे एकमेकांना जुळून त्याचे बांबू होतात. काम झालं की परत सुटे. तो तुकडा म्हणजे हे ट्यूब्युलिन. कॅन्सरची गाठ वाढते तीही अशीच, मांडव घालून. मग कुठल्या औषधानं तो मांडव मोडतो, हे प्रयोगशाळेत बघायला आम्ही तुकडे पुरवतो."

"कशानं मोडतो?" रंभाजींनी विचारलं.

"कळलावी म्हणून वेल असतो ना, त्याच्या विषानं. ते पडलं की तुकडे जुळतच नाहीत."

कळलावी म्हटल्याबरोबर सगळ्यांनी रंगुबाईंकडं बघितलं. त्यानंतर सगळ्यांनी माझ्याकडं का बघितलं, ते मला अजून समजलेलं नाही.

रंभाजींनी कप जवळ ओढला. मग म्हणाले, "म्हंजी त्या अळीला तुमी कामाला लावलीय?"

"व्हय," महेंद्र म्हणाला. इंग्रजीसोबत शहरी मराठीही गळून पडली.

"पगार?"

"फक्त खाण्यावर."

"माझ्याकडं बी खान्यावरच हुती," रंभाजींनी कप उचलला, "पन काडीचं काम केलं न्हाई भवानीनं. मांडव काष्टीला, आमच्या दारात. मोबाईलवरच्या बोलन्याचं नंतर बघू. अन् ते गळ्यातलं लग्नात काढून ठिवा."

लग्न झालं. रंगुबाईंना पहिल्या रांगेत बसवलं होतं, नजरेसमोर असाव्यात म्हणून. मला त्यांच्या शेजारी. फोटो छान आलेत. नीट बघितलं तर नवरदेवाच्या हाराखालून निळी दोरी डोकावते.