शेवटच्या सीटवरचे गृहस्थ

वाचकहो, मन घट्ट करून ऐका. आमच्या घराण्यात पहिली सातजणांची गाडी येणार होती आणि एका अनोळखी गृहस्थाने ती अडवून धरली होती.

मुलुंडला जुन्या गाड्या विकणाऱ्याकडे आमच्या ऐपतीतली गाडी ही एकच, आणि तिच्या शेवटच्या सीटवर ते आधीच बसलेले. पन्नाशीचे, भरदार, कॉलरला रुमाल. गुडघे हनुवटीपर्यंत आलेले, पण चेहरा सिंहासनावर बसल्यासारखा. "जो आधी टोकन देईल, गाडी त्याची," एवढं सांगून एजंट चहा सांगायला गेला.

"अहो, हा माणूस काही उठत नाही," बायको कुजबुजली. "आपणही आत बसू या."

आम्ही मधली सीट पकडली. मी मोठ्याने निंदा सुरू केली. "टायर गेलेत. एसीची तर वाट लागलीय."

"असेल," मागून शांत उत्तर आलं.

बायकोने त्यांना बाहेर येऊन चहा घ्यायला सुचवलं. ते नुसते हसले, मान पुसली आणि काचेवर अंगठी वाजवत राहिले. इतका चिवट प्रतिस्पर्धी मी पाहिला नव्हता. पण गणपतीला गावी जाताना सासू-सासरे मागे ऐसपैस बसतील, असा शब्द मी देऊन बसलो होतो. माघार शक्यच नव्हती.

एजंट परत आला. टोकनचे पैसे पाठवायला मी फोन काढला, तोच मागून माझा खांदा घट्ट धरला गेला.

"साहेब, गाडी तुम्हीच घ्या," ते म्हणाले, "पण आधी ही सीट पुढे करा. मी मघापासून इथे अडकलोय."