मेलेल्या रोपांची यादी

अंगठ्याच्या नखानं रोपाची साल जराशी खरवडायची, आत हिरवं दिसलं की "जित्तं हाय" म्हणायचं आणि पुढच्या रोपाकडे वळायचं. सुपेल्याच्या बाजाररस्त्यावर आमचा माळी रोज सकाळी हेच करी. रोपं बासष्ट. भिलाईत कारखाना उभा राहत होता आणि मी रस्त्यांच्या कचेरीत हिशेबनीस होतो.

माणूस यवतमाळकडचा, नुकतीच बौद्ध दीक्षा घेतलेला. जवळची विहीर हॉटेलवाल्याची. सावली त्याला हवी होती, पण याचा डबा विहिरीत नको होता. म्हणून पाणी अर्ध्या मैलावरच्या नळावरून. रोपाला अर्धा डबा, कावडीला दोन डबे. तुम्हीच हिशेब करा: सोळा खेपा, सोळा मैल.

लावणीचे पैसे संपले, तशी त्याची मजुरी अडली. पाणी घालायला मंजुरीच नव्हती. मी त्याच्या मजुरीसाठी दुकानदारांकडे महिना चार आणे मागितले.

"पेड़ बड़ा हुआ तो मेरा बोर्ड ढक जाएगा," कापडवाला म्हणाला. "उल्टा आप मुझे चार आना दो, बाबूजी!"

सगळे हसले. मीही हसलो.

मेलेलं रोप बदलायला मात्र पैसे मिळत, आणि त्यात माळ्याची मजुरी धरलेली असे. मी वीस रोपं मेल्याची खोटी यादी केली. त्याचा उन्हाळा निघाला असता.

"साहेब यादी तपासायला आले तर गप्प राहा," मी माळ्याला बजावलं.

"जित्त्याले मेलं कावून म्हनू, बाबूजी? अन् साहेबानं उपटाले सांगतलं तं? मीच उपटू काय?"

साहेब आले. पहिल्याच रोपाशी यानं नख लावलं. "जित्तं हाय, साहेब. देखो." विसाव्या रोपापर्यंत तेच.

"सब ज़िंदा है, तो पैसा किस बात का?" साहेबांनी यादी माझ्या हातात कोंबली. त्याच दुपारी त्याचं काम सुटलं.

"आता पोरांना काय साल खाऊ घालतोस?" मी भर रस्त्यात ओरडलो.

"तुमी लई चिडता, बाबूजी. डबे इथंच ठेवून जातो. कोनी तरी घालन पानी."

तो दुर्गच्या लाइनीवर रेल्वेच्या गँगमध्ये गेला, असं ऐकलं. पाणी कोणी घातलं नाही. माझं घर त्या डब्यांपासून तीनशे पावलांवर होतं. मीही घातलं नाही.

जूनपर्यंत अठ्ठावन्न रोपं वाळली. मी पुन्हा यादी केली. ती खरी होती. साहेबांनी उभ्याउभ्या सही केली आणि म्हणाले, "अब कोई अच्छा माली ढूँढिए."