सहाचाकीच्या पोटात

आमची निम्मी जमीन धरणाच्या फुगवट्यापलीकडं आहे. पाणी चढलं की तिकडं जायला युसूफ वडगाव या गावावरून मोठा वळसा पडतो. म्हणून मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बंद पडलेल्या एका रिसॉर्टातून जुनी सहाचाकी गाडी आणली. ती चिखलात चालते आणि पाण्यात तरंगते. चाकंच तिला पाण्यातून पुढं ढकलतात. पेंड, कडबा, मोटारीचं सामान, सगळं तिच्यातून पलीकडं जायचं.

गेल्या पावसाळ्यात ती कटकट वाजायला लागली. चढावर जोर लावला की चेन दातेरी चकरीवरून उडायची. वडगावचा मिस्त्री बघून गेला. असली गाडी आपण कधी उघडली न्हाई, म्हणाला. मी पडवीत बसून तो आवाज ओळखला होता. चौसाळ्याला हायवेवर माझ्या वडिलांचं मोटारसायकलचं गॅरेज. चेन आणि चकरी बदलताना त्यांना पाने-पकडी देत देतच मी मोठी झाले. चकरीचे दात झिजले की चेन असंच करते. मी हे आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलं आणि त्यांनी ते मामंजींच्या कानावर घातलं. माझ्या नवऱ्यानं पुण्याहून नव्या चकऱ्या आणि चेन पाठवली, तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन, खाली बघत म्हणाले, "जरा हात लावता का, सूनबाई?"

गाडीखाली लाकडी ठोकळे दिले, चाकं काढली. चकऱ्या गाडीच्या पोटात, बसायच्या फळीखाली असतात. तिथं मामंजींचा रुंद पंजा जाईना. म्हणून ते बाहेरून चाकाचा आस ओढणार आणि आत बसून मी चकरी धरणार, असं ठरलं. पदर कमरेला खोचून मी आत उतरले. लग्न झाल्यापासून त्यांच्यापुढं डोक्यावरचा पदर मी कधी ढळू दिला नव्हता.

जुन्या चकरीचे दात झिजून मांजराच्या नखांसारखे वाकले होते. मामंजींनी ती फिरवून फिरवून पाहिली आणि गॅरेजात असलं काम मी कितीदा केलं ते विचारलं. मी सांगितलं. मग माझ्या वडिलांच्या तब्येतीचं निघालं. इतक्या वर्षांत आम्ही एवढं बोललो नव्हतो.

मागची एक चकरी राहिली होती, तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. कडा गावाकडचे पाहुणे, मामंजींच्या राजकारणातले. मामंजींनी जीपकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी खाली बसले. गुडघे छातीशी घेतले, मान खाली घातली आणि गाडीच्या पोटात दिसेनाशी झाले.

पाहुणे जवळच बाजेवर बसले. चहा आला. निवडणुकीचं बोलणं झालं, उसाचं झालं. मग कोणीतरी गाडीचं विचारलं. मामंजी म्हणाले, चौसाळ्याहून मिस्त्री आलाय, जेवायला गेलाय. चौसाळ्याचं नाव ऐकून माझे कान तापले. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या. ग्रीस घामात मिसळून मनगटावरून ओघळत होतं आणि मला शिंक येईल याची भीती वाटत होती. स्वतःच्या घरच्या अंगणात मी चोरासारखी बसले होते.

त्यांच्यातले एक म्हातारे पाहुणे कपबशी हातात घेऊन उठले आणि गाडीच्या काठावरून आत वाकले. त्यांची नजर थेट माझ्यावर पडली. मी काळ्या हातांनी पदर ओढून तोंड झाकलं. ते क्षणभर तसेच थांबले, मग सरळ झाले.

"मिस्त्री चांगला मिळाला तुमाला," ते म्हणाले.

मामंजी म्हणाले, "व्हय."

त्यानंतर बाजेवरचं बोलणं जमेना. पाहुणे लवकरच उठले. जीप गेली तरी मामंजी फाटकातच उभे राहिले. शेवटी मीच म्हणाले, मागची राहिलीय. ते आले, आस ओढला, मी चकरी बसवली, चेन जोडली, ताणून घेतली. रात्री पदराचा डाग बघून आत्याबाईंनी विचारलं, तेव्हा मी ग्रीसचं सांगितलं, बाकीचं नाही.

दुसऱ्या दिवशी मामंजींनी मलाही गाडीत बसवलं. पाण्यात उतरताना आणि पलीकडच्या चढावर चेन एकदाही उडाली नाही. वर आल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं. तिथं आमच्याशिवाय कोणी नव्हतं.

"मी काल खाली बसा म्हणलो नव्हतो," ते समोर बघत म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. आणि ते खरंच होतं. त्यांनी नुसतं पाहिलं होतं. खाली मी आपणहून बसले होते. रात्रभर मी त्यांच्यावर मनातल्या मनात चिडत होते. आता कोणावर चिडावं ते कळेना.

"व्हय, तसं न्हाई म्हणलात," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग आम्ही खाली उतरलो आणि पेंडीची पोती ओढायला लागलो. एक टोक त्यांनी धरलं, एक मी.