चेन शैलीचा झटका

जेवण झाल्यावर भालचंद्र आरवाडे आरामखुर्चीत टेकतात, तेव्हा हातात पेपर असतो. पेपर छातीवर घसरतो. मोरीतला भांड्यांचा आवाज लांब लांब जात राहतो, आणि डोळा लागतो न लागतो तोच तळपायाला ओलं गवत लागतं.

सांगलीच्या आमराईतलं गवत. समोर इंदूताई मगदूम उभ्या आहेत, पांढरे कॅनव्हासचे बूट घालून, पदर कमरेला खोचून. त्यांना जाऊन दोन महिने झाले हे आरवाडे सरांना पक्कं ठाऊक आहे. तरी त्या "उशीर झाला का हो सर?" म्हणतात आणि सर म्हणतात, "नाही नाही, या."

पॉलिटेक्निकात तीस वर्षं ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले आरवाडे सर रोज सकाळी इथे पंधरावीस जणांना ताई ची, ती संथ चिनी कसरत, शिकवतात. इंदूताई त्यांतल्याच एक. जन्मभर नर्सची नोकरी केलेल्या. गेल्या मार्चात, वर्ग सुटल्यावर, फाटकाशी मोटरसायकलवरून उतरलेल्या एका माणसानं त्यांच्या बोरमाळेला हात घातला. सर चार पावलांवर होते. ताई पडल्या, खांदा निखळला, माळ गेली. लोक धावत आले तेव्हा सर ताईंजवळ उभे होते. "सरांनी ढकललं त्याला, म्हणून बाई वाचल्या," कुणीतरी म्हणालं. सर गप्प राहिले. आणि दुसऱ्या दिवशी, विचारलं कुणी नसताना, स्वतःच म्हणाले, "ताई चीतल्या चेन शैलीचा झटका होता तो."

"दाखवा ना," ताई आता म्हणतात. "मी धरते तुम्हाला. यांग शैलीवाला काय करेल?"

सरांना बरं वाटतं. शिकवणं त्यांना येतं. "यांगमध्ये सगळं संथ, मोठं. त्यानं ओढलं की आपण ओढायचं नाही. त्याच्याबरोबरच जायचं, त्याचाच तोल जाईपर्यंत."

"आणि वू?"

"वूमध्ये हालचाल लहान. तो अगदी अंगाशी आला तरी हातभर जागेत वळायचं."

"सुन?"

"पाय हलके. तो पुढं आला की आपण पुढं, तो मागं की आपण मागं. एका जागी सापडायचंच नाही."

आता ते पॉलिटेक्निकच्या ड्रॉइंग हॉलमध्ये आहेत. उंच टेबलांच्या रांगांमधून ताई चालतायत आणि प्रत्येक टेबलावरच्या कागदावर आमराईचं फाटक काढलेलं आहे. चोर काढलाय, ताई काढल्यात. चार पावलांवरची जागा कोरी आहे.

"चेन राहिलं," ताई म्हणतात.

"चेन सगळ्यांत जुनी," सरांचा आवाज खाली येतो. "अंग स्प्रिंगसारखं पिळायचं... आणि एकदम सोडायचं. झटका."

"बरं. आणि त्या दिवशी तुम्ही मागं सरून झाडाआड गेलात, ती कुठली शैली?"

सर मान फिरवतात. हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या आहेत, माणसं बसली आहेत, आणि सरांच्या खांद्यावर ज्येष्ठ नागरिक संघाची शाल आहे, हातात नारळ. हा सत्कार खरंच झाला होता. पहिल्या रांगेत ताई गळ्यात बांधलेल्या झोळीत हात अडकवून बसल्या होत्या आणि मोकळ्या हातानं मांडीवर थाप मारून टाळी वाजवत होत्या. आताही तशीच वाजवतायत.

"पुरे करा हो ताई," सर म्हणतात. शाल काढायला जातात, पण ती निघत नाही.

"मी काय म्हटलं? टाळीच तर वाजवते."

"मी पळालो. तुम्ही पाहिलंत?"

"डोळे कुठं मिटले होते मी?"

"मग बोलला का नाहीत कुणाला?"

"तुम्ही बोलाल म्हटलं. आज येतील, उद्या येतील. त्या सत्कारानंतर आठ महिने घरात होते, सर. तुम्ही दारातसुद्धा आला नाहीत."

सरांना रडू फुटतं, आणि रडतानाही आजूबाजूला कुणी बघतंय का हे ते पाहतात. त्याचीच त्यांना जास्त लाज वाटते. खुर्च्या रिकाम्या आहेत.

"भ्यालात त्याचं काय एवढं," ताई म्हणतात. "मोठमोठे डॉक्टर भिताना बघितलेत मी. पण माझी वेणू तुमच्या वर्गाला यायला लागलीय."

"हो. चांगलं शिकते."

"तुम्ही आईला वाचवलंत म्हणून येते. पहाटेच्या पाळीला एकटी जाते कारखान्यात. परवा मैत्रिणीला सांगत होती, आता कुणी हात घातला तर मी झटका देईन म्हणून. सहा महिन्यांच्या ताई चीवर! तुम्हाला इतक्या वर्षांत जे जमलं नाही, ते."

सर पुन्हा शाल ओढून बघतात.

"मी माळ धरून ठेवली म्हणून पडले. सोडली असती तर खांदा राहिला असता. तिला सांगा, माळ सोड, ओरड, पळ. पळणं तुम्हाला येतं, तेवढं नीट शिकवा. पण आधी खरं काय ते सांगा."

"सांगतो."

"असं नाही." ताई त्यांचं मनगट धरतात, नाडी बघायला धरावं तसं, मग घट्ट, मग अजून घट्ट. "सोडवा बघू. यांग, वू, काय हवं ते."

सर वळतात, पिळतात, खाली बसतात. हात सुटत नाही.

"सांगतो!" ते ओरडतात. "आजच सांगतो!"

पेपर फरशीवर पडतो. चार वाजलेत. शालनबाई हात पुसत बाहेर येतात. "कुणाला ओरडताय? आणि हे हो काय?"

त्या नवऱ्याचा डावा हात उचलून उजेडात धरतात. मनगटावर चार बोटांचे लाल वळ आहेत आणि खालून अंगठ्याचा एक. स्वतःची बोटं त्यावर ठेवून बघतात. बसत नाहीत, त्यांचा हात मोठा आहे.

"शालन, जरा बस," सर म्हणतात. "तुला एक सांगायचंय. आणि मग वेणूकडं जायचंय मला."