दाबलं की सगळंच कडक

“दाबू नका हो. दाबलं की सगळंच कडक दिसते.”

नागपुरात धंतोलीतल्या सोनोग्राफीच्या त्या डॉक्टरीणबाई हे दिवसातून कितीदा म्हणत, त्यांनाच ठाऊक. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा आवाज चढलेला होता. बायकोच्या छातीत गाठ लागली होती आणि ती कसली, हे मला तिथल्या तिथे हवं होतं.

गांधीबागेत मी कापडाचा धंदा उभा केला तो बापाच्या नव्हे, या चिमटीच्या जोरावर. दोन बोटांत कापड धरलं की माल कळतो. म्हणून विचारलं, “हातानं नाही का कळत? मशीन काहून?”

दुसरं कोणी असतं तर मला बाहेर काढलं असतं. बाईंनी माझीच बाही वर करायला लावली आणि मशीनचा तो दांडा माझ्या हातात दिला. “पाहा तुम्हीच.”

स्क्रीनवर माझा दंड हिरवा दिसला. सवयीनं मी जोर दिला. हिरव्याचं निळं झालं.

“आमच्या मशीनवर निळं म्हंजे कडक. दंडाले काही झालं का? तुम्ही दाबलं, बस.”

मग बायकोच्या गाठीवर त्यांनी दांडा नुसता टेकवला, निजलेल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवावा तसा. गाठ बरीचशी हिरवी. तरी सुईनं तुकडा काढून तपासायचं म्हणाल्या.

“मऊ आहे नं? मंग सुई काहून टोचता?”

“कडा सरळ नाही तिची. मऊ गाठ बी कधी दगा देते, अन् कडक गाठ साधी निघते. मशीन अंदाज सांगते. खात्री सुईची.”

“अर्धी खात्री तरी द्या.”

“हे गांधीबाग नाही, भाऊ.”

सुईचा रिपोर्ट आला त्या दिवशी त्यांनी फक्त बायकोला आत घेतलं. “गाठ जिची, तिले आधी,” म्हणाल्या आणि दार लावलं. बाहेर माझा जीव टांगलेला. तुम्ही काय केलं असतं? मी दारावर थाप मारली.

“दाबू नका!” आतून आवाज आला. पाठोपाठ दोघींचं हसू.

बायको बाहेर आली. “काय म्हणते वं?”

“आधी चहा पाजा.”

टपरीवर अर्धा कप संपवून ती म्हणाली, “कॅन्सर नाही. साधी गाठ आहे, अहो.”

काउंटरवरच्या पोरीलाही माझ्याआधी कळलं होतं. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. बाईंना तो ऐकवायचा होता, पण गेल्या हिवाळ्यात त्याच गेल्या.

परवा बायकोची तपासणी होती. बाईंच्या खुर्चीवर नवे, तरुण डॉक्टर. रिपोर्ट हातात घेऊन त्यांनी दारातून मलाच हाक मारली, “काका, या, तुम्हाला सांगतो.”

मी अर्धा उठलो. परत बसलो.

“तिले सांगा आधी.”

बायको आत गेली. दार लागलं. मी हात मांडीखाली दाबून बसलो आणि आतून हसू येतं का, ते ऐकत राहिलो.