आईचा धुण्याचा दगड

वरवट बकालजवळच्या आमच्या खेड्याला इतिहास नव्हता आणि त्यावाचून कोणाचं अडलंही नव्हतं. अडलं ते माझं. ग्रामपंचायतीच्या पुस्तिकेतलं ‘गावाचा इतिहास’ हे पान माझ्याकडे आलं होतं. (गावात पुस्तकं विकत घेऊन वाचणारा मी एकटाच, शिक्षा होणारच.)

तीन दिवस पान कोरं राहिलं. चौथ्या दिवशी आईनं शेवाळ घासायला न्हाणीतला धुण्याचा दगड उलटा केला, आणि खालच्या अंगाला ठसठशीत फुली कोरलेली दिसली!

“आई, हा वीरगळ हाये. इथं कोनी योद्धा पडला अशीन.”

“इथं तुह्याबिगर कोनी पडत नाही. कपडे भिजवेल हायेत, सरक.”

मी सरकलो नाही. सरपंचांनी दगड चौकातल्या ओट्यावर उभा केला. त्याला ऑइल पेंट लागला, मग हार, मग शेंदूर. दोन दिवसांत एका बाईचा नवसही बोलून झाला. आई रोज बादली घेऊन ओट्यापाशी यायची.

“दर्शन झालं अशीन तं दगड द्या. फरशीवर चादरी निंघून नाही राह्यल्या.”

अनावरणाला प्रमुख पाहुणे म्हणून एक निवृत्त तलाठी मिळाले. नारळ फोडायला तुळशीरामकाका. आमच्या शेताशेजारी त्यांचं शेत, आणि वयानं तेच मोठे. मी ‘रणसंग्राम’ या शब्दापर्यंत पोचलो, तेवढ्यात तलाठ्यांनी चष्मा लावला.

“हा तं धुऱ्याचा दगड हाये. सरकारी मोजनीतला, हद्दीचा. कोनाच्या वावरातला?”

तुळशीरामकाकांनी नारळ हळूच खाली ठेवला.

“माह्या अन् याईच्या मंधातला. मी वीस वर्सांपासून ढुंढून राह्यलो.”

सगळा चौक माझ्याकडे पाहू लागला. आमची न्हाणी आजोबांनी वीस वर्षांपूर्वीच बांधली. त्याच वर्षापासून आमच्या शेतात कपाशीची दोन तासं, म्हणजे दोन ओळी, जास्त बसू लागली. (‘आजोबांच्या कष्टांमुळे’, असं मी नुकतंच भाषणात सांगितलं होतं.)

बँडवाले आलेलेच होते, त्यामुळे दगड वाजतगाजत धुऱ्यावर गेला. त्याच्यासोबत दोन तासंही गेली.

“तासं जाऊ दे,” आई म्हणाली, “माह्या दगडाचं काय?”

तिनं भिजवलेल्या चादरींची बादली माझ्यापुढे सरकवली.

पुस्तिका छापून आली. इतिहासाच्या पानावर एकच ओळ आहे: ‘गाव शेतीप्रधान आहे.’ आणखी लिहिता आलं असतं; पण फरशीवर चादरी खरंच निघत नाहीत, फार वेळ जातो.